सिंग्युलर पॉइंटभोवती सिरीज अडकते कुठं? फ्रोबेनियसची नेहमीची दुखणी आणि त्यांवरचे उपाय

"सर, एक टाकलं की खाली शून्य येतंय. पुढं काय करायचं ओ?"

परीक्षा तोंडावर आली की राजारामपुरीतल्या आमच्या क्लासच्या ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो आणि त्याखाली असला मेसेज ठरलेला. कधी गडहिंग्लजचं पोरगं, कधी इचलकरंजीची पोरगी, प्रश्न मात्र तोच. एम.एस्सी.वाले असोत, इंजिनिअरिंगवाले असोत की सेट-नेटची तयारी करणारे, सगळे एकाच जागी येऊन थांबतात. गणित असतं डिफरन्शियल समीकरणाचं उत्तर घातांच्या सिरीजनं काढायचं, तेही सिंग्युलर पॉइंटभोवती, म्हणजे जिथं सगळ्यात वरच्या डेरिव्हेटिव्हचा सहगुणक शून्य होतो तिथं. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सिरीज अडकते ती रिकरन्समध्ये, म्हणजे मागच्या सहगुणकावरून पुढचा काढायच्या सूत्रात, पण ती अडकणार का आणि कुठं अडकणार, हे सिरीज मांडायच्या आधीच कळतं. त्यासाठी दोन लिमिट काढायची आणि दोन मुळं. पोरं नेमकं हेच टाळतात आणि मग पानंच्या पानं खोडत बसतात.

खुणा अशा घेतोय: चल क्ष, फंक्शन य, पहिलं डेरिव्हेटिव्ह य′, दुसरं य″. सिरीजचे सहगुणक अ₀, अ₁, अ₂ असे, सर्वसाधारण पदाचा क्रमांक म, आणि फ्रोबेनियसचा जादा घातांक र. त्याच्या रीतीत अख्खी सिरीज क्ष^र नं गुणून घेतात: य = क्ष^र (अ₀ + अ₁क्ष + अ₂क्ष² + …), अ₀ शून्य नाही.

पहिलं दुखणं: सगळे सहगुणक शून्य, किंवा दोनाऐवजी एकच उत्तर

हे समीकरण बघा:

४क्ष² य″ + य = ०

साधी पॉवर सिरीज घातली, म्हणजे य = अ₀ + अ₁क्ष + अ₂क्ष² + …, तर क्ष च्या म-व्या घाताला मिळतं (२म−१)² अ_म = ०. म पूर्णांक आहे, त्यामुळं २म−१ कधीच शून्य होत नाही. म्हणजे अ₀ शून्य, अ₁ शून्य, सगळंच शून्य. पोरं लिहून मोकळी होतात, "उत्तर फक्त शून्य". दुसऱ्या ऑर्डरच्या लिनिअर समीकरणाला दोन स्वतंत्र उत्तरं असायलाच हवीत, हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही. उत्तर आहे √क्ष. ते पूर्णांक घातांच्या सिरीजमध्ये बसतच नाही, तर सापडणार कुठून?

दुसरा नमुना जास्त फसवा आहे, कारण इथं काहीतरी हाती लागतं:

२क्ष य″ + य′ + य = ०

साध्या सिरीजनं म(२म−१) अ_म = −अ_(म−१) असं रिकरन्स येतं. त्यातून

१ − क्ष + क्ष²/६ − क्ष³/९० + …

अगदी व्यवस्थित सिरीज. पण मोकळा स्थिरांक एकच, अ₀. दुसरं उत्तर कुठं गेलं? ते √क्ष घेऊन बसलंय. घातांक र धरून पुन्हा मांडलं की (म+र)(२म+२र−१) अ_म = −अ_(म−१) मिळतं, आणि म = ० ला र(२र−१) = ०. म्हणजे र = ० किंवा र = १/२. दुसऱ्या मुळानं

√क्ष (१ − क्ष/३ + क्ष²/३० − …)

ही सिरीज येते. पडताळा हवा असेल तर पहिली सिरीज म्हणजे कॉस √(२क्ष), आणि दुसरी, √२ चा गुणक सोडला तर, साइन √(२क्ष). मी हे उदाहरण मुद्दाम देतो. उत्तर ओळखीचं असलं की चूक कुठल्या पदात झाली ते लगेच सापडतं.

तेव्हा सिरीजला हात लावण्याआधी य″ चा सहगुणक १ करून घ्या: य″ + प य′ + ब य = ०. हा भागाकार न करता पुढं जाणारे निम्मे तिथंच घसरतात. मग क्ष·प आणि क्ष²·ब यांची क्ष → ० ला लिमिट काढा. दोन्ही लिमिट सांत असली आणि प, ब हे बहुपदींचे भागाकार असले, तर पॉइंट रेग्युलर सिंग्युलर. परीक्षेत बहुतेक वेळा असंच असतं. लिमिटना प₀ आणि ब₀ म्हणा आणि सोडवा:

र(र−१) + प₀र + ब₀ = ०

हे इंडिशिअल समीकरण. अशा पॉइंटपाशी उत्तरांचं स्वरूप काय असतं, हे लाझारुस फुक्सनं १८६६ मध्ये मांडलं. आपण वापरतो ती सुटसुटीत रीत फ्रोबेनियसनं १८७३ मध्ये दिली. क्ष ऋण असेल तर घाताऐवजी क्ष च्या निरपेक्ष किमतीचा घात घ्यायचा. त्यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही.

खाली उतरलेल्या बेरजा

हा प्रकार इतका छोटा आहे की पुस्तकं त्याबद्दल बोलतच नाहीत, पण वही तपासताना सगळ्यात जास्त वेळा लाल पेन इथंच चालतो. साध्या सिरीजमध्ये डेरिव्हेटिव्ह घेतलं की पहिलं पद स्थिरांक असल्यानं गळतं, म्हणून य′ ची बेरीज म = १ पासून आणि य″ ची म = २ पासून सुरू होते. हाताला तीच सवय लागते. फ्रोबेनियसमध्ये पहिलं पद अ₀ क्ष^र असतं. र शून्य नसेल तर ते गळत नाही. त्यामुळं य, य′, य″ तिन्हींच्या बेरजा म = ० पासूनच लिहायच्या. सवयीनं म = २ पासून लिहिलं की इंडिशिअल समीकरणच हातचं जातं. मग पोरगं विचारतं, "सर, र कसा काढायचा, समीकरणच आलं नाही." आलं होतं, तूच खोडलंस.

छेदात शून्य

आता मूळ दुखणं. दोन मुळांतला फरक पूर्णांक नसेल तर निवांत राहा, दोन्ही मुळांना दोन स्वतंत्र सिरीज मिळतात. फरक धन पूर्णांक असेल, समजा फ, तर लहान मुळानं सुरुवात केल्यावर बरोबर म = फ ला अ_म चा सहगुणक शून्य होतो. अपघात नाही हा. लहान मुळात फ मिळवला की मोठं मूळ येतं, आणि त्या जागी इंडिशिअल समीकरणाची डावी बाजू शून्य होणारच.

इथं पोरं भागाकार करायला जातात आणि "अनंत" लिहून थांबतात. भागू नका. समीकरण गुणाकाराच्या रूपात तसंच ठेवा आणि उजवीकडं काय उरलंय ते बघा. दोनच गोष्टी होऊ शकतात.

क्ष य″ − य′ + ४क्ष³ य = ०

मुळं ० आणि २. लहान मूळ घेतलं तर म(म−२) अ_म = −४ अ_(म−४). म = १ ला −अ₁ = ०, म्हणून अ₁ = ०. म = २ ला २·०·अ₂ = ०, कारण उजवीकडं अजून काहीच नाही. शून्य बरोबर शून्य. अ₂ मोकळा सुटला, पाहिजे ती किंमत द्या. पुढं अ₄ = −अ₀/२, अ₆ = −अ₂/६, आणि एकाच मुळानं दोन्ही उत्तरं एका झटक्यात दिली: कॉस क्ष² आणि साइन क्ष². लॉग नाही, काही नाही.

आता हे बघा:

क्ष य″ + य = ०

मुळं ० आणि १. र = ० ला म(म−१) अ_म = −अ_(म−१). म = १ ठेवा: १·०·अ₁ = −अ₀. डावीकडं शून्य, उजवीकडं −अ₀, आणि अ₀ शून्य नाही असं आपणच ठरवलंय. जमणार नाही. समीकरण तुम्हाला सांगतंय की या मुळाला निव्वळ सिरीजचं उत्तर नाही, लॉग आणा.

बऱ्याच नोट्समध्ये "मुळांचा फरक पूर्णांक, तर लॉग" असं ठोकून लिहिलेलं असतं आणि पोरं ते पाठ करतात. ते खरं नाही, वरचंच पहिलं उदाहरण घ्या. दुसरं म्हणजे १/२ ऑर्डरचं बेसेल समीकरण. तिथं मुळं +१/२ आणि −१/२, फरक १, तरी उत्तरं साइन क्ष/√क्ष आणि कॉस क्ष/√क्ष. पूर्णांक फरक म्हणजे नुसती शंका. निकाल लागतो म = फ च्या ओळीत.

म्हणून फरक पूर्णांक दिसला की मी लहान मुळानं सुरुवात करायला सांगतो. पुष्कळ ठिकाणी मोठं मूळ आधी घ्यायला शिकवतात. तेही बरोबर आहे, पण लॉग नसलेल्या गणितात दुप्पट लिहावं लागतं. लहान मुळानं जा. शून्य बरोबर शून्य आलं तर काम संपलं, विरोध आला तर मोठ्या मुळाकडं वळा. वाया जातात त्या दोन-तीन ओळी.

लॉग आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं

क्ष य″ + य = ० पूर्ण करू, कारण गुण इथंच जातात. मोठं मूळ १. रिकरन्स (म+१)म अ_म = −अ_(म−१), अ₀ = १ धरून

य₁ = क्ष − क्ष²/२ + क्ष³/१२ − क्ष⁴/१४४ + …

दुसरं उत्तर असं धरा:

य₂ = क·य₁·लॉग क्ष + (१ + ब₁क्ष + ब₂क्ष² + ब₃क्ष³ + …)

इथले ब₁, ब₂ म्हणजे कंसातले नवे सहगुणक, मघाच्या ब शी त्यांचा संबंध नाही. कंसातली सिरीज लहान मुळापासून, म्हणजे क्ष च्या शून्याव्या घातापासून सुरू होते. इथं कंस मोठ्या मुळापासून लिहिला की पुढं काहीच जुळत नाही, आणि ही चूक वर्षानुवर्षं चालू आहे. समीकरणात घातल्यावर लॉग असलेली पदं आपोआप उडतात, कारण य₁ स्वतःच उत्तर आहे. ती उडाली नाहीत तर तिथंच थांबा, य₁ चुकलंय. उरतं ते:

क(२य₁′ − य₁/क्ष) + (कंसातल्या सिरीजचं क्ष·दुसरं डेरिव्हेटिव्ह) + (कंसातली सिरीज) = ०

पहिल्या कंसाची किंमत १ − ३क्ष/२ + ५क्ष²/१२ − …

आता घातवार बघा. स्थिर पद: क + १ = ०, म्हणून क = −१. मघाशी जिथं विरोध आला होता, ती हीच ओळ. लॉगनं आणलेल्या क नं तो मिटवला. क्ष चं पद: ३/२ + २ब₂ + ब₁ = ०. ब₁ ला कुठलीच अट नाही, शून्य घ्या. वेगळी किंमत घेतली तर य₂ मध्ये य₁ चा थोडा भाग मिसळेल, एवढंच. मग ब₂ = −३/४. क्ष² चं पद: −५/१२ + ६ब₃ − ३/४ = ०, म्हणून ब₃ = ७/३६. म्हणजे

य₂ = −य₁ लॉग क्ष + १ − ३क्ष²/४ + ७क्ष³/३६ − …

मैत्रिणीच्या वहीत ब₁ वेगळा दिसला म्हणून उत्तर खोडणारेही बघितलेत. ब₁ वेगळा असेल तर ब₂, ब₃ ही बदलणार. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात.

दोन्ही मुळं सारखी असतील तर लॉग नक्कीच येतो, तिथं शंकेला जागा नाही. का येतो हे ४क्ष² य″ + य = ० वर सगळ्यात स्वच्छ दिसतं. य = क्ष^र घातलं की डावी बाजू (२र−१)² क्ष^र होते. र = १/२ ला ती शून्य. पण वर्ग असल्यामुळं तिचं र च्या संदर्भातलं डेरिव्हेटिव्हही तिथं शून्य होतं. म्हणजे क्ष^र चं र नं डेरिव्हेटिव्ह घेऊन र = १/२ ठेवलं तर तेही उत्तरच. आणि ते डेरिव्हेटिव्ह आहे क्ष^र लॉग क्ष. म्हणून दुसरं उत्तर √क्ष लॉग क्ष. फ्रोबेनियसची खरी कमाल ही: र ला शेवटपर्यंत मोकळा ठेवायचा, किंमत सर्वांत शेवटी घालायची. सुरुवातीलाच र = १/२ लिहून टाकलं की डेरिव्हेटिव्ह घ्यायला उरतं काय?

"सर, लॉगवालं उत्तर सोडून द्यायचं ना?"

कधी सोडायचं आणि कधी नाही, हे समीकरण सांगत नाही, प्रश्न सांगतो. गुऱ्हाळात साच्यातून काढलेली गुळाची गोल ढेप थंड होते असं समजा. बाजूनं सगळीकडं सारखी हवा लागते, म्हणून तापमान अक्षापासूनचं अंतर, उंची आणि वेळ यांवर अवलंबून. ढेप अगदी सिलिंडरसारखी धरून उंची आणि वेळ वेगळे काढले की अंतराच्या भागाला शून्य ऑर्डरचं बेसेल समीकरण उरतं:

क्ष य″ + य′ + क्ष य = ०

मुळं ० आणि ०. एक उत्तर १ − क्ष²/४ + क्ष⁴/६४ − …, दुसऱ्यात लॉग. ढेपेच्या मधोमध तापमान अनंत असू शकत नाही, म्हणून लॉगवालं उत्तर बाद. क्ष = ० हा सिंग्युलर पॉइंट गुळात कुठंही नाही, तो आपण निवडलेल्या गोल कोऑर्डिनेट्सचा आहे.

आता त्याच भागातल्या साखर कारखान्यातला वाफेचा पाइप घ्या आणि त्याच्या भिंतीतलं तापमान विचारा. भिंत आतल्या त्रिज्येपासून बाहेरच्या त्रिज्येपर्यंत. अक्ष त्यात येतच नाही. इथं लॉगवालं उत्तर टाकलं तर आतली आणि बाहेरची अशा दोन्ही अटी पाळायला स्थिरांकच कमी पडतो. तापमान वेळेनुसार बदलत नसेल तर समीकरण क्ष य″ + य′ = ० एवढंच राहतं आणि तिथं तर अख्खं उत्तरच लॉग आणि स्थिरांक यांचं आहे. तरीही "लॉग आला की काटा" हा नियम घरून पाठ करून आलेले असतात.

क्ष = १ भोवती मागितलं असेल तर

थोडक्यात: आधी ट = क्ष − १ घ्या आणि समीकरणातला प्रत्येक क्ष बदला, सहगुणकांतलासुद्धा. सिरीज (क्ष−१) च्या घातांत आणि सहगुणक क्ष मध्ये ठेवले की घात जुळवताच येत नाहीत. लेजाँद्रच्या समीकरणात, (१−क्ष²) य″ − २क्ष य′ + क(क+१) य = ०, (इथला क हा ठरलेला आकडा, मघाचा लॉगचा गुणक नव्हे) ही अदलाबदल केली की

ट(ट+२) य″ + २(ट+१) य′ − क(क+१) य = ०

ट·प ची लिमिट १, ट²·ब ची ०, म्हणून र² = ०. सारखी मुळं, लॉग नक्की. लेजाँद्रच्या बहुपदींना एवढा मान का, त्याचं उत्तर यातच आहे: −१ आणि १ या दोन्ही टोकांना लॉग टाळणारी उत्तरं फक्त क पूर्णांक असतानाच मिळतात.

हे सगळं बरोबर, तरी किंमत काढली की आकडे फुगतात

आधी बघा की तुम्ही सिरीज तिच्या हद्दीबाहेर तर वापरत नाही ना. फ्रोबेनियसच्या सिरीजची हद्द निदान पुढच्या सिंग्युलर पॉइंटपर्यंत असते, आणि तो पॉइंट काल्पनिक असला तरी मोजायचा. य″ चा सहगुणक १ + क्ष² असेल तर खऱ्या अक्षावर कुठंच काही वावगं दिसत नाही, पण ±√(−१) शून्यापासून १ अंतरावर आहेत. हद्द १ पेक्षा मोठी असेल अशी खात्री मग देता येत नाही.

हद्दीच्या आत असूनही फुगत असेल तर पॉइंटच इरेग्युलर असणार, म्हणजे सुरुवातीच्या त्या दोन लिमिटपैकी एखादी सांत नसणार. बघा:

क्ष² य″ + (१+३क्ष) य′ + य = ०

क्ष·प = (१+३क्ष)/क्ष, लिमिट अनंत. तपासणी न करता सिरीज घातली तर रिकरन्स किती गोंडस येतं: अ_(म+१) = −(म+१) अ_म. म्हणजे १ − क्ष + २क्ष² − ६क्ष³ + २४क्ष⁴ − …, सहगुणक फॅक्टोरिअल. एकही भागाकार अडला नाही, कुठं शून्य नाही, आणि ही सिरीज क्ष = ० सोडून कुठंच कन्व्हर्ज होत नाही. शिवाय मूळही एकच निघालं, र = ०. इंडिशिअल समीकरण दुसऱ्या घाताऐवजी पहिल्या घाताचं आलं की समजायचं, पॉइंट इरेग्युलर आहे.

पण ही सिरीज फेकून देऊ नका. क्ष = ०.१ ठेवून पदं बघा: १, ०.१, ०.०२, ०.००६, … पदं लहान होत जातात, नववा आणि दहावा घात दोन्हींना ०.०००३६२८८, आणि तिथून पुन्हा वाढायला लागतात. सगळ्यात लहान पदाच्या आसपास थांबलात तर ०.९१५६ च्या अगदी जवळची किंमत मिळते, आणि या समीकरणाच्या ज्या उत्तराची ही सिरीज आहे त्याची तिथली किंमत ०.९१५६३ आहे. पदं वाढवाल तेवढं उत्तर बिघडेल. अशा सिरीजला पक्का अर्थ पोआँकारेनं १८८६ मध्ये दिला, अ‍ॅसिम्प्टोटिक सिरीज म्हणून. परीक्षेत एवढं लिहा की पॉइंट इरेग्युलर आहे, फ्रोबेनियसची खात्री इथं लागू नाही. त्याचेही गुण असतात.

पेपर देण्याआधीचा पडताळा

दोन उत्तरं मिळाली की सगळी सिरीज समीकरणात परत घालायला वेळ नसतो. आबेलचं सूत्र वापरा: य₁य₂′ − य₁′य₂ ही राशी, म्हणजे रॉन्स्कियन, प च्या ऋण इंटिग्रलच्या एक्स्पोनेन्शियलच्या पटीत असते. क्ष य″ + य = ० मध्ये प = ०, म्हणून ती स्थिर यायला हवी. वरचे य₁ आणि य₂ घ्या. स्थिर पद −१ येतं. क्ष च्या पदात य₁य₂′ मधून −क्ष लॉग क्ष − क्ष येतं, −य₁′य₂ मधून +क्ष लॉग क्ष + क्ष. लॉग लॉगला कापतो, क्ष क्ष ला कापतो, उरतं −१. कंसातलं −३/४ जरा जरी चुकलं असतं तरी पुढच्याच, क्ष² च्या पदात काहीतरी शिल्लक राहिलं असतं. दोन ओळींचं काम आहे, समासात पेन्सिलीनं करा.